मूळ चित्रापासून छापील वस्तूपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जलरंग, तैलरंग, पेन्सिल, शाई, कोलाज अशा हाताने केलेल्या चित्रावरून कार्ड, आर्ट प्रिंट, पुस्तक, टी-शर्ट, मग किंवा कापड छापून घेताना पडणारे प्रश्न इथे साधारण कामाच्या क्रमाने घेतले आहेत. वेळ कमी असेल तर बाकीचं चाळा, पण स्कॅनिंगचा भाग नीट वाचा. छापून आल्यावर जे दोष दिसतात त्यांतले बरेचसे स्कॅनिंगच्या टेबलावरच जन्मलेले असतात.

छापील प्रत मूळ चित्रासारखी हुबेहूब येईल का?

नाही. चित्रात कॅडमियम, कोबाल्ट, थॅलो अशी स्वतंत्र रंगद्रव्यं असतात. छपाईत निळी (सायन), गुलाबी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी अशा चार शायांच्या (सीएमवायके) बारीक ठिपक्यांमधून तेच रंग भासवावे लागतात. शिवाय कागद वेगळा, पृष्ठभाग वेगळा, आकार बहुधा वेगळा. कितीही काळजी घेतली तरी काहीतरी सुटणारच.

म्हणून सुरुवातीलाच ठरवा : या चित्रातलं काय गेलं तर चित्रच गेलं असं वाटेल? चेहऱ्याचा वर्ण, आकाशातली फिकट छटा, रेषेची धार, की अंधाऱ्या भागातली खोली? ते एका वाक्यात लिहून ठेवा. कागद, छपाईची पद्धत, रंगदुरुस्ती हे सगळे निर्णय त्या वाक्यावर ठरतात. अंधारातली खोली महत्त्वाची असेल तर कोटिंग नसलेला कागद चालणार नाही. फिकट छटा महत्त्वाची असेल तर वर्तमानपत्री दर्जाची छपाई चालणार नाही. सगळंच सांभाळायला गेलं की प्रत मिळमिळीत येते.

चित्र छापायचंच आहे हे आधीपासून माहीत असेल तर काढताना काय सांभाळावं?

प्रमाण आधी बघा. ए४, ए३ या आकारांचं प्रमाण १ : १.४१४ असतं. चौरस किंवा ४ : ५ प्रमाणातलं चित्र त्यात बसवायचं तर एकतर कापावं लागतं किंवा दोन बाजूंना पट्टे सुटतात. एकच चित्र कार्ड, पोस्टर आणि मग अशा तिन्हींवर जाणार असेल तर मुख्य आकृती मधोमध ठेवून भोवती पार्श्वभूमी सैल सोडा. सही कडेपासून किमान १० मिमी आत करा.

चित्र छपाईच्या आकाराइतकं किंवा दीडपटीपर्यंत मोठं काढणं सोयीचं. मोठं चित्र लहान केलं की हात हललेला दिसत नाही, पण रेषाही बारीक होतात. ०.३ मिमीच्या पेनची रेषा निम्म्या आकारात ०.१५ मिमी होते आणि रंगीत असेल तर ठिपक्यांमध्ये तुटते.

निऑन, मोत्यासारखे चमकणारे आणि धातूचे रंग टाळा; त्यांच्याबद्दल पुढे येईलच. अक्षरं चित्रावर रंगवू नका, वेगळ्या कागदावर काढा. मजकूर बदलायची वेळ आली की याचं महत्त्व कळतं.

स्कॅनर वापरावा की कॅमेरा?

सपाट कागदावरचं, ए३पर्यंतचं, कोरडं आणि काचेला चिकटणार नाही असं चित्र असेल तर स्कॅनर. तैलरंग, जाड अॅक्रिलिक, कोलाज, पेस्टल, कोळसा आणि मोठे आकार असतील तर कॅमेरा. पेस्टल काचेवर दाबलं की रंगाची भुकटी काचेवर राहते आणि चित्र कायमचं बिघडतं.

स्कॅनरमध्येही दोन जाती आहेत. पातळ, हलक्या स्कॅनरमध्ये सहसा सीआयएस सेन्सर असतो. काचेला टेकलेल्या भागापलीकडे त्याला स्पष्ट दिसत नाही. जलरंगाचा कागद किंचित जरी फुगलेला असला तरी तेवढा भाग धूसर येतो. सीसीडी सेन्सरचा जाडजूड स्कॅनर असा फुगवटा बऱ्यापैकी सांभाळून घेतो. चित्रांसाठी तोच घ्यावा.

किती डीपीआयवर स्कॅन करायचं?

छपाईला लागणारे डीपीआय (एका इंचातले ठिपके किंवा पिक्सेल) गुणिले किती पट मोठं करायचं तो आकडा. १५ × २० सेंमीचं चित्र ३० × ४० सेंमी छापायचं असेल तर ते दुप्पट झालं, म्हणून ३०० × २ = ६०० डीपीआय. त्यातून छपाईच्या आकाराला सुमारे ३५४३ × ४७२४ पिक्सेल मिळतात.

३०० हा आकडा काही देववाणी नाही. ऑफसेटची (प्लेटवरून होणाऱ्या छपाईची) ठिपक्यांची जाळी इंचाला १५० ओळींची असेल तर पिक्सेल तिच्या दीडपट ते दुप्पट लागतात, तिथून तो आला आहे. दुरून बघायच्या मोठ्या पोस्टरला १५० पुरतात. निव्वळ काळ्या रेषांच्या चित्राला मात्र छपाईच्या आकारात १२०० लागतात, कारण तिथे राखाडी छटा नसते आणि पायऱ्या लगेच डोळ्यात भरतात.

स्कॅनरच्या सेटिंग काय असाव्यात?

जे जे स्वयंचलित आहे ते बंद करा : एक्स्पोजर, रंगसुधारणा, शार्पनिंग, धूळ काढणं. स्कॅनरला 'कागद पांढरा दिसला पाहिजे' एवढंच ठाऊक असतं. तो पांढरा ओढताना सगळ्यांत फिकट वॉशही (पातळ रंगाचा थर) पुसून टाकतो आणि तो नंतर कशानेही परत येत नाही. हिस्टोग्रामचं उजवं टोक भिंतीला टेकता कामा नये. कागदाचा पांढरा (० ते २५५ या मापात) २४५च्या आसपास ठेवा.

प्रत्येक चॅनलला १६ बिट, टिफ फाइल, अॅडोबी आरजीबी (लाल, हिरवा, निळा) रंगक्षेत्र. ए४ चित्राची ६०० डीपीआयची अशी फाइल साधारण २०० एमबीची होते. होऊ द्या. जेपेग परत परत सेव्ह केली की सपाट रंगांत चौकटी उमटतात.

काच दर दोन चित्रांच्या मध्ये पुसा आणि दिवा गरम व्हायला काही मिनिटं द्या.

स्कॅनमध्ये कागदाचा खरखरीतपणा चित्रापेक्षा जास्त उठून दिसतो. काय करावं?

स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, म्हणून कागदाच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून असे दोन स्कॅन घ्या. दुसरा संगणकावर सरळ करून पहिल्यावर तंतोतंत बसवा आणि वरच्या लेअरची अपारदर्शकता ५० टक्के करा. समोरासमोरच्या सावल्या एकमेकींना खोडतात. पिक्सेलभर जरी चुकलं तरी रेषा दुहेरी दिसतात, म्हणून १०० टक्के झूमवर चारही कोपरे तपासा.

सुरकुतलेला कागद आधी सपाट करून घ्या. मागून अगदी हलकं ओलं करून, दोन स्वच्छ शोषक कागदांमध्ये ठेवून, वर वजन ठेवून रात्रभर राहू द्या. पाण्यात विरघळणारी शाई असेल तर हे करू नका.

चित्र स्कॅनरपेक्षा मोठं आहे. तुकड्यांत स्कॅन केलं तर चालेल?

चालेल. शेजारच्या तुकड्यांमध्ये २०-२५ टक्के भाग सामाईक ठेवा आणि सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवून स्कॅन करा. इथे चित्र फिरवायचं नाही. फिरवलं की सावल्यांची दिशा उलटते आणि जोड दिसतो. जोडताना फक्त जागा बदलणारा पर्याय निवडा. पर्स्पेक्टिव्ह बदलणारा पर्याय चित्र वाकवतो. काचेच्या कडेचा सेंटिमीटरभर भाग अंधुक असतो, तो वापरू नका.

कॅमेऱ्याने चित्र कसं टिपायचं?

चित्राच्या दोन्ही बाजूंना सारखे दिवे, चित्राशी ४५ अंशांत, चित्राच्या रुंदीच्या दुप्पट तरी लांब. खोलीतले बाकीचे दिवे बंद, खिडकी झाकलेली. ५० ते १०० मिमीची लेन्स, आयएसओ १००, एफ/८, ट्रायपॉड, टायमर, रॉ फाइल.

कॅमेरा चित्राला समांतर आहे का हे बघायला चित्राच्या मधोमध एक लहान आरसा सपाट टेकवा. व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मध्यभागी लेन्सचं प्रतिबिंब दिसलं की समांतर. ही युक्ती पाणसळीपेक्षा भरवशाची आहे, कारण भिंतच कललेली असू शकते.

प्रकाश सारखा पडतो का ते कळायला चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद लावून एक फोटो घ्या. चार कोपरे आणि मध्य यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक कोपरा काळपट असेल तर तो नंतर दुरुस्त करण्यापेक्षा दिवा सरकवणं सोपं. पहिल्या फोटोत २४ चौकोनांचं कलर चार्ट किंवा निदान ग्रे कार्ड ठेवा. त्यावरून पांढऱ्याचा तोल साधता येतो.

तैलचित्राच्या फोटोत पांढऱ्या चकाकीचे ठिपके येतात.

वॉर्निश लावण्याआधीच फोटो काढता आला तर उत्तम. नाहीतर क्रॉस पोलरायझेशन लागतं : दोन्ही दिव्यांसमोर पोलरायझिंग फिल्म एकाच दिशेने लावायची आणि लेन्सवरचा पोलरायझर चकाकी नाहीशी होईपर्यंत फिरवायचा. प्रकाश बराच कमी होतो, शटर त्या हिशेबाने लांबवा.

पण चकाकी शंभर टक्के मारली की ब्रशच्या फटकाऱ्यांचा उठावही मरतो आणि चित्र प्लास्टिकवर छापल्यासारखं दिसतं. पोलरायझर जरासा सैल सोडून थोडी चमक राहू द्यावी, निदान जाड रंगाच्या चित्रांत.

कागदाचा पांढरा भाग छापून मळका येतो. कशामुळे?

डोळ्यांना पांढरा वाटणारा कागद स्कॅनमध्ये २४५, २४२, २३५ असा काहीतरी असतो. सीएमवायकेमध्ये गेल्यावर त्याचे दोन-चार टक्क्यांचे पिवळे-गुलाबी ठिपके होतात आणि चित्राभोवती एक मळकट चौकट दिसते. स्क्रीनवर ती जाणवतही नाही.

दोन रस्ते आहेत. एक, कागद पूर्ण पांढरा करणं : लेव्हल्समध्ये पांढरा ड्रॉपर कोऱ्या कागदावर टेकवा, मग वर एक तात्पुरती थ्रेशोल्ड लेअर २५० वर लावून कुठे घाण उरली आणि कुठे फिकट वॉश उडाला हे बघा. फिकट कडा असतील तिथे मास्क लावून हाताने काम करावं लागतं. दुसरा रस्ता, कागदाचा रंग मुद्दाम ठेवणं आणि तो चारही बाजूंनी कडेबाहेर जाऊ देणं. अर्धवट पांढरं, अर्धवट कागदी असं सोडलं तर ती चूकच दिसते.

जलरंगाची आकृती मॅजिक वाँडने कधीही कापू नका. भोवती दातेरी पांढरी किनार राहते. खालच्या रंगावर ती मल्टिप्लाय मोडमध्ये बसवली तर ओल्या कडा जशाच्या तशा राहतात.

स्क्रीनवर झळझळीत दिसणारे रंग छापून फिके का येतात?

स्क्रीन प्रकाश फेकते, कागद फक्त परतवतो. चार शायांना जमणाऱ्या रंगांचा परीघ स्क्रीनपेक्षा लहान आहे. सर्वांत जास्त मार बसतो तो चटक केशरी, पोपटी हिरवा, टर्क्वॉइज, अल्ट्रामरीन आणि जांभळ्याला.

निळ्याचं दुखणं वेगळं आहे. सायन १०० आणि मॅजेंटा १०० दिलं की कागदावर निळा येत नाही, जांभळा येतो. निळा हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. त्यात आणखी एक भर : कोबाल्टसारखी काही निळी रंगद्रव्यं गडद लाल टोकाचा प्रकाशही परतवतात. डोळ्याला तो फारसा कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. अशा वेळी निळा फोटोतच जांभळट आलेला असतो, छापखान्याचा त्यात दोष नसतो.

स्क्रीनचा उजेडही तपासा. बहुतेक स्क्रीन कारखान्यातून फार प्रखर येतात, म्हणून प्रत काळपट वाटते. छपाईच्या कामासाठी कॅलिब्रेशन यंत्राने ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड ठेवा.

सीएमवायकेमध्ये कधी बदलायचं आणि कोणत्या प्रोफाइलने?

शेवटी, आणि ज्या छापखान्यात काम जाणार त्याला विचारून. मूळ फाइल आरजीबीमध्येच जपा. कोटेड (गुळगुळीत थर दिलेल्या) कागदावरच्या ऑफसेटसाठी फोग्रा ३९ किंवा फोग्रा ५१, अनकोटेडसाठी फोग्रा ४७ किंवा फोग्रा ५२ या प्रमाणित मापांवर आधारलेली प्रोफाइल (रंग कागदावर कसे उतरतील हे सांगणारी फाइल) सर्रास वापरतात. कोटेडची प्रोफाइल लावलेली फाइल अनकोटेड कागदावर छापली की शाई जास्त पडते आणि सावल्या चिखलासारख्या होतात.

बदलण्याआधी सॉफ्ट प्रूफ (छापील रंगांचा स्क्रीनवरचा अंदाज) लावून रंगक्षेत्राबाहेरचे भाग बघा. चित्रात असे भाग पुष्कळ असतील तर पर्सेप्च्युअल पर्याय छटांमधलं अंतर राखतो. थोडेच असतील तर ब्लॅक पॉइंटसह रिलेटिव्ह कलरिमेट्रिक बरा, कारण तो बाकीचे रंग हलवत नाही. दोन्ही करून बघा आणि सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य आठवा.

जास्त रंगांच्या इंकजेटवर आर्ट प्रिंट काढायची असेल तर सहसा आरजीबी फाइलच मागतात. तिचं आधीच सीएमवायके केलं तर त्या यंत्राला जमणारे कितीतरी रंग उगाच फेकले जातात.

काळा रंग कसा द्यायचा?

मजकूर आणि बारीक रेषा : फक्त काळी शाई १०० टक्के, ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच छापलेली). मोठा काळा भाग : सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १००. नुसत्या काळ्या शाईने मोठा भाग भरला तर तो राखाडी दिसतो.

चार शायांची एकूण बेरीज मर्यादेत हवी. कोटेडवर ३०० ते ३३० टक्के, अनकोटेडवर ३००पर्यंत, वर्तमानपत्री कागदावर २४०. त्यापुढे शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. चार रंगांत गेलेला बारीक मजकूर रजिस्टर (शायांची एकमेकींवरची जुळणी) केसभर हललं तरी भुतासारखा दुहेरी दिसतो.

पेन्सिलचं चित्र एकतर पुसट येतं नाहीतर घाणेरडं. मधलं काही जमत नाही.

पेन्सिल हे या सगळ्यांत अवघड माध्यम आहे. ग्रॅफाइट चमकतं, त्यामुळे सर्वांत गडद जागाच स्कॅनमध्ये फिकट येतात. आणि ३ टक्क्यांखालचे ठिपके छपाईत टिकतीलच असं नाही, त्यामुळे हलक्या छटांची कडा अचानक तुटते. उलट मधल्या छटा डॉट गेनमुळे गडद होतात : ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर पसरून ६५-७० सारखा दिसतो, अनकोटेड कागदावर त्याहूनही जास्त.

उपाय असा : १६ बिटमध्ये स्कॅन, राखाडी छटांत रूपांतर, कर्व्ह वापरून सर्वांत हलकी रेषा ५-६ टक्क्यांवर, सर्वांत गडद ९२-९५ वर, मधला भाग थोडा उचललेला. कोरा कागद वेगळ्या मास्कने शून्यावर आणा. एका काळ्या शाईत पेन्सिलचा मऊपणा येत नसेल तर काळा आणि एक राखाडी स्पॉट रंग (वेगळ्या तयार शाईचा) असा ड्युओटोन करा. फरक लगेच दिसतो.

माझ्याकडे फक्त लहान जेपेग आहे, मूळ चित्र विकलं गेलं. मोठं करता येईल?

दीडपट निभावतं. त्यापुढे पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं जो तपशील भरतात तो त्यांनी बनवलेला असतो : न मारलेले ब्रशचे फटकारे, पानांच्या जागी खवले, आणि सहीची भलतीच अक्षरं. वापरायचंच असेल तर चेहरे, हात आणि सही १०० टक्क्यांवर तपासा. त्यापेक्षा प्रत लहान छापणं किंवा चित्र ज्यांच्याकडे आहे त्यांना विनंती करून पुन्हा स्कॅन करणं केव्हाही चांगलं.

ब्लीड किती ठेवायचं? जलरंगाला बाहेर रंगच नसेल तर?

कडेपर्यंत रंग जाणार असेल तर चारही बाजूंना ३ मिमी जास्त (हेच ब्लीड, ते कापून जातं), आणि महत्त्वाचं काहीही कापाच्या रेषेपासून ५ मिमी आत. कटिंगमध्ये मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच. म्हणूनच कडेला २ मिमीची पांढरी किनार मागू नये. एका बाजूला १ आणि दुसरीकडे ३ झाली की साऱ्या जगाला दिसते. किनार हवीच तर १० मिमी ठेवा.

चित्राबाहेर रंग नसेल तर चित्र ३-४ टक्के मोठं करून कड कापून टाका, किंवा कडेचा भाग क्लोन करून वाढवा. पानं-फांद्यांच्या चित्रात आरशासारखी उलट प्रत चालून जाते, इमारती आणि माणसांत ती लगेच पकडली जाते.

कागद कोणता निवडावा?

गुळगुळीत कोटेड कागदावर शाई वर राहते, रंग खोल येतात. अनकोटेडवर शाई मुरते, रंग मवाळ होतात, पण जलरंगाला आणि रेखाटनाला स्पर्शातला जिव्हाळा मिळतो. फार पांढऱ्याशुभ्र कागदात प्रकाश उजळवणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरणांत निळसर चमकतात आणि काही वर्षांत मंदावतात. टिकाऊ आर्ट प्रिंटसाठी अशी द्रव्यं नसलेला, आम्लविरहित कापसाचा कागद आणि पिगमेंट शाई घ्या.

१७० जीएसएमपेक्षा (प्रति चौरस मीटर ग्रॅम) जाड कागदाला घडी असेल तर आधी क्रीजिंग (घडीच्या जागी खाच दाबणं) करायला सांगा, आणि घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेला समांतर असू द्या. आडवी गेली तर गडद रंग घडीवर तडकून आतला पांढरा दिसतो. मॅट लॅमिनेशनने काळा थोडा राखाडी होतो. गडद चित्र असेल तर प्रूफही (छपाईआधीची नमुना प्रत) लॅमिनेट करून मागा.

सोनेरी, चंदेरी आणि निऑन रंग छापता येतात का?

चार रंगांत नाही. स्कॅनमध्ये सोनेरी रंग तपकिरी येतो, कारण त्याची चमक कोनावर ठरते. तो भाग वेगळ्या लेअरवर घ्या, त्याला स्पॉट रंगाचं नाव द्या आणि धातूच्या शाईने किंवा फॉइलने छापून घ्या. पँटोनमध्ये (तयार शायांच्या क्रमांकांच्या यादीत) ८७१ ते ८७६ सोनेरी-तांबूस, ८७७ चंदेरी, आणि ८०१ ते ८०७ निऑन. फॉइलची फाइल शुद्ध काळ्या आकारांची, शक्यतो व्हेक्टर हवी. छटा चालत नाहीत. ०.३ मिमीपेक्षा बारीक रेषा तुटतात आणि तितक्याच बारीक फटी बुजतात.

टी-शर्टवर जलरंगाचं चित्र डागाळलेलं का येतं?

गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर बसतो. चित्राच्या अर्धपारदर्शक कडांखालीही तो पांढरा जातो, त्यामुळे विरत जाणाऱ्या वॉशच्या जागी खडूचे डाग दिसतात. डिजिटल छपाईसाठी कडा पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण भरीव करा. विरणं हवंच असेल तर ते ठिपक्यांच्या जाळीने करा.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम लागते, म्हणून चित्राचं सहा-आठ रंगांत विभाजन करावं लागतं. कापडावर जाळी इंचाला ४५ ते ५५ ओळींची पुरते, आणि मेशचे (फ्रेमवरच्या जाळीदार कापडाचे) धागे त्याच्या चार-पाचपट हवेत, नाहीतर ठिपके धाग्यांशी भांडून लाटांसारखी नक्षी उमटते. पांढरा थर वरच्या रंगापेक्षा पाव मिलिमीटर आत घ्या. प्लास्टिसोल शाई सहसा १६० अंश सेल्सिअसला पक्की होते. वरून कोरडी दिसली आणि आतून कच्ची राहिली तर पहिल्या धुण्यातच भेगा पडतात, म्हणून नमुना धुऊनच मोठी संख्या सांगा.

मगवर छापताना काय वेगळं असतं?

मगवर सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून छापतात. त्यात पांढरी शाई नसते. जिथे चित्र पांढरं तिथे मगचा रंग दिसतो. मगवर पॉलिमरचा थर हवा. साधारण १८० ते २०० अंशांवर तीनेक मिनिटं दाब दिला की शाईची वाफ त्या थरात शिरते. चित्र आधी कागदावर उलटं छापतात. तिथे ते फिकट आणि विचित्र रंगाचं दिसतं, त्यावरून घाबरून रंग वाढवू नका. उष्णतेनंतरच खरा रंग कळतो. दांड्याजवळ आणि वरच्या-खालच्या कडेला दाब कमी पडतो, तिथे चेहरे नकोत. शाईला पॉलिमर लागतो, म्हणूनच सब्लिमेशन सुती कापडावर टिकत नाही, पॉलिएस्टर लागतं.

कापडासाठी चित्राचा रिपीट कसा बनवायचा?

पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकटीला (टाइल) अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवा; कडा मधोमध येतात, तिथला जोड रंगवून बुजवा. मग टाइल ३ × ३ मांडून डोळे बारीक करून बघा. जोड न दिसताही आडवे पट्टे किंवा रिकाम्या गल्ल्या दिसतात, त्या आकृत्या सरकवून मोडाव्या लागतात. एकाआड एक उभी रांग अर्ध्या उंचीने खाली सरकवलेला हाफ-ड्रॉप रिपीट या गल्ल्या चांगल्या लपवतो. टाइलचा आकार पूर्ण पिक्सेलमध्ये ठेवा, नाहीतर जोडावर केसासारखी रेघ येते. कापडाला १५० डीपीआय पुरतात.

कॅनव्हासची कड गुंडाळायची असेल तर?

लाकडी पट्टीची जाडी अधिक मागे ठोकायला २० मिमी, एवढी जागा प्रत्येक बाजूला जास्त लागते. पट्टी ३८ मिमीची असेल तर ५८ मिमी. तेवढं चित्र बळी द्यायचं नसेल तर कड एका रंगाची करा.

प्रूफ कसं तपासायचं?

ज्या कागदावर छपाई होणार त्याच कागदाचं प्रूफ मागा, किंवा त्या कागदाची प्रोफाइल लावलेलं इंकजेट प्रूफ. ऑफिसच्या लेझर प्रिंटरवरची प्रत रंगासाठी उपयोगाची नाही. प्रूफ आणि मूळ चित्र शेजारी ठेवून ५००० केल्विनच्या उजेडात बघा. घरच्या पिवळ्या दिव्यात जुळलेले रंग उन्हात वेगळे पडू शकतात, कारण रंगद्रव्य आणि शाई यांची घडण वेगळी.

आधी राखाडी आणि त्वचेचे रंग बघा. ते बरोबर असतील तर बाकीचं बहुधा ताळ्यावर असतं. शेरा मोघम नको. 'जरा जिवंत करा' याचा अर्थ छापखान्यात प्रत्येक जण वेगळा लावतो. 'चेहरा हिरवट आहे, मॅजेंटा किंचित वाढवा' हे सगळ्यांना कळतं. पुस्तक असेल तर पानं मोजा. पिनेच्या बांधणीत एकूण पानं चारच्या पटीत लागतात.

प्रूफ बरोबर होतं, तरी एका कार्डाचा रंग हलला. असं का?

एकाच मोठ्या कागदावर अनेक चित्रं मांडली जातात. यंत्रातून कागद ज्या दिशेने सरकतो त्या रांगेत गडद निळं चित्र आणि फिकट चेहरा एकामागे एक आले तर निळ्यासाठी सोडलेली शाई चेहऱ्यावरही जाते. महत्त्वाचं चित्र अशा शेजारापासून दूर मांडायला सांगा. दुसऱ्या खेपेला रंग जुळावेत म्हणून पहिल्या खेपेची पसंत केलेली, तारीख टाकून सही केलेली प्रत पाकिटात, अंधारात ठेवा आणि छपाईच्या वेळी तीच द्या.

चित्र विकल्यावर त्याच्या प्रती छापता येतात का?

बहुतेक देशांच्या कायद्यात चित्राची मालकी आणि पुनर्मुद्रणाचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र विकल्याने हक्क आपोआप जात नाही. मोबदला घेऊन मागणीवरून काढलेली चित्रं आणि नोकरीत काढलेली चित्रं यांचे नियम मात्र ठिकठिकाणी वेगळे आहेत. कोणत्या वस्तूवर, किती प्रती, किती काळ, हे विक्रीच्या वेळीच लेखी करा. आणि चित्र हातातून जाण्याआधी पूर्ण दर्जाचा स्कॅन घेऊन ठेवा.

शेवटी कोणत्या फाइल जपायच्या?

चार : हात न लावलेला १६ बिट स्कॅन, लेअरसह दुरुस्त केलेली आरजीबी फाइल, प्रत्येक वस्तूसाठी तिच्या आकाराला शार्प केलेली छपाईची फाइल, आणि छापखान्याला पाठवलेली पीडीएफ. शार्पनिंग मूळ फाइलमध्ये करू नका. पोस्टरला शोभलेली धार कार्डावर टोचते. पीडीएफला एक्स-१ए किंवा एक्स-४ यांपैकी छापखाना मागेल तो प्रकार द्या. फाइलच्या नावात चित्राचं नाव, आकार, कागद आणि तारीख असू द्या. 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरं फायनल' अशा नावांमुळे जुनीच फाइल प्लेटवर जाते आणि ते कळतं तेव्हा कागद छापून झालेला असतो. दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा.